न विचारता वाढलेलं

मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत कुमुदिनी आठल्ये यांची खाणावळ होती आणि त्या खाणावळीचा एक नियम होता. शेवटी जो जेवायला येईल त्याच्यासमोर बाई स्वतः बसायच्या. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक पेशंटचे नातेवाईक. कुणी रिपोर्टची वाट बघत थांबलेला असायचा, कुणी पेशंटचा डोळा लागल्यावर धावतपळत आलेला. पंगत केव्हाच उठून गेलेली आणि पाटावर हा एकटा. मग कुमुदिनीबाई त्याच्या वाटीत आमटी घालायच्या आणि समोरच्या भिंतीला टेकून बसायच्या. बोलायच्या फारसं नाहीत, पण तो उठेपर्यंत उठायच्याही नाहीत. माणसाने एकट्याने जेवू नये असं त्यांचं मत होतं, आणि बाईंची मतं बदलायच्या फंदात मिरजेत कुणी पडत नसे.

या बाईंचा एकुलता एक मुलगा संजीव युट्रेख्टमध्ये एकटाच जेवत असे.

संजीवने पुण्यात पीएच.डी. केली, बरीच वर्षं इकडेतिकडे हंगामी नोकऱ्या केल्या, त्या गडबडीत लग्नाचं राहून गेलं, आणि छत्तिशी उलटल्यावर दोन वर्षांची नेमणूक घेऊन तो कॅन्सरच्या पेशींवर काम करायला हॉलंडला आला. लोम्बोक नावाच्या वस्तीत एका तुर्की बेकरीच्या वर त्याची खोली होती. सकाळी पावाचा वास खोलीत यायचा, तेवढी एक चैन. बाकी सायकल, वारा, पाऊस आणि पुन्हा वारा. सायकलवर जाताना वारा समोरून यायचा आणि येतानाही समोरूनच यायचा. हे कसं जमतं याचा शोध कुणा शास्त्रज्ञाने लावलेला नाही.

मराठी माणसं नव्हती असं नाही. आम्स्टेलवेनला पुण्यामुंबईची आयटीवाली मंडळी ढीगभर होती. दिवाळीला तो एकदा गेलाही होता. तिथे प्रत्येकाने त्याला "कुठल्या क्लायंटकडे?" असं विचारलं, आणि "विद्यापीठात" म्हटल्यावर "वा, वा" म्हणून प्रत्येकजण चकलीकडे वळला. शेजारी बसलेल्या एका लहान मुलीशी तो मराठीत बोलायला गेला, तर तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि उत्तर डचमध्ये दिलं. येताना ट्रेनच्या खिडकीत त्याला स्वतःचा चेहरा तेवढा दिसत होता. पुन्हा तो तिकडे फिरकला नाही.

आणि डच माणसं? वाईट मुळीच नव्हती. नीट बोलत, मदत करत, खोटं कधी बोलत नसत. पण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला डायरी लागे. कॉफीला यायचं तर तीन आठवड्यांनंतरचा बुधवार. एकदा संजीवने खोलीच्या किल्लीसाठी घरमालकाला संध्याकाळी सहाला फोन केला. "आम्ही जेवतोय," एवढंच मालक म्हणाला आणि फोन ठेवला. जेवताना कुणी आलं तर त्याला पान मांडायचं, हे ज्या घरात शिकलं त्या घरातल्या माणसाला हे वाक्य पचायला जड गेलं. पण त्याने ते पक्कं लक्षात ठेवलं. सहाला फोन करायचा नाही म्हणजे नाही.

या सगळ्यात एक माणूस वेगळा निघाला. वाउटर. उत्तरेकडच्या फ्रीसलँडचा, दारातून वाकून आत येणारा, पिवळ्या भुवयांचा. तो दुसऱ्या गटात होता, पण पेशी वाढवायची खोली दोघांच्या गटांची एकच. बाराच्या ठोक्याला वाउटर चीज घातलेला पाव आणि कार्नेमेल्कचा डबा घेऊन कँटीनमध्ये बसे. कार्नेमेल्क म्हणजे आपलं ताक. ते संजीवने चाखून बघितलं आणि पुढच्या दिवशी खिशातून मीठ-जिऱ्याची पुडी आणली. वाउटरने ती घातली, प्यायला, आणि बराच वेळ डब्याकडे बघत राहिला. मग चीजवर लसणीची चटणी आली. त्यानंतर वाउटर रोज संजीवच्याच टेबलावर बसू लागला. चटणीसाठी बसत होता की संजीवसाठी, याच्या खोलात संजीव गेला नाही. इतक्या लांब आलेल्या माणसाने असल्या चौकशा करू नयेत.

दर रविवारी दुपारी संजीव फोनकार्डावरचा नंबर खरवडून मिरजेला फोन लावायचा. आईची खाणावळ गुडघ्यांमुळे बंद झाली होती, पण तिचा पहिला प्रश्न बदलला नव्हता.

"जेवलास?"

"जेवलो."

"कुणाबरोबर?"

"वाउटरबरोबर."

सोमवार ते शुक्रवारपुरतं हे खरं होतं. रविवारी ते खोटं असायचं. रविवारी त्याच्यासमोर कुकर असे आणि खिडकी असे. पण आईला झोप लागायला हवी, म्हणून तो रविवारीही वाउटरला जेवायला बोलवायचा. बिचाऱ्या वाउटरला पत्ताही नव्हता की मिरजेत तो इतक्यांदा वरणभात जेवून गेला आहे.

वाउटरचं काम संजीवला मनापासून आवडे. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारख्या खातात आणि अर्धीमुर्धी खाऊन बाकीची आम्ल करून बाहेर टाकतात. हे जुनं ज्ञान. पण नेमकं काय कुठे जातं? वाउटर त्यांना खुणेची साखर देई. म्हणजे दिसायला, चवीला तीच साखर, फक्त तिच्यातला कार्बन एका केसाने जड. पेशीला फरक कळत नाही, ती नेहमीसारखी जेवते. नंतर पेशी गोठवून, फोडून, आतला एकेक पदार्थ यंत्रावर तोलायचा. जिथे वजन वाढलेलं दिसेल तिथे ती साखर पोचली.

"तू पेशींच्या पानात डोकावतोस," संजीव म्हणाला होता. "आई पण डोकावायची. नातेवाइकाच्या पानात काय उरलं त्यावरून पेशंट कसा आहे ते ओळखायची."

वाउटर हसला होता. "आणि बरोबर निघायचं?"

"कधीकधी."

एक पद्धत मात्र ठरलेली. खुणेची साखर वाउटर सकाळी द्यायचा आणि संध्याकाळच्या आत पेशी गोठवायचा. संजीवने हे इतक्यांदा बघितलं होतं की वाउटरच्या कामात याहून वेगळं काही असेल हे त्याच्या मनातही येत नसे.

दोन हजार सहाचा डिसेंबर. नाताळच्या आधीच्या शुक्रवारी सगळी इमारत दुपारीच रिकामी झाली. वाउटर पाठीला बॅग लावून संजीवच्या टेबलाशी आला. त्याला गावी, लेवार्डेनला जाणारी ट्रेन गाठायची होती.

"तू सुट्टीत इथेच आहेस ना? इन्क्युबेटरच्या गॅसचा सिलिंडर संपत आलाय. रविवारी एकदा फक्त बघशील?"

"बघतो की."

"फक्त सिलिंडर," वाउटर म्हणाला. मग दारातून वळून, "नाताळला काय करणार?"

"मित्र आहेत," संजीव म्हणाला.

हे ऐकून वाउटरला बरं वाटलेलं दिसलं, आणि तो गेला. त्याने अजून एखादा प्रश्न विचारला असता, तर संजीवने खरं सांगितलं असतं. पण न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची सोय कुठल्याच भाषेत नाही. बाहेर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या, दुकानांतून गाणी वाजत होती, आणि संजीवला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं इतकं एकटं वाटत होतं.

रविवारी दुपारी मिरजेचा फोन झाला. आज नाताळची तयारी आहे, वाउटरच्या घरी सगळे जमलेत, असं त्याने आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं हो, सणाचा एकटा नाहीस." फोन ठेवल्यावर खोलीत बसवेना, म्हणून त्याने सायकल काढली आणि तो प्रयोगशाळेत गेला.

इमारतीत चिटपाखरू नव्हतं. सिलिंडर ठीक होता, काटा जागेवर होता. तेवढंच काम होतं, ते क्षणात झालं. पण आता आलोच आहे तर, म्हणून त्याने पेशी उबेत ठेवायच्या त्या कपाटाचं, इन्क्युबेटरचं, दार उघडलं. वरच्या कप्प्यातल्या त्याच्या पेशी मजेत होत्या. खालच्या कप्प्यात वाउटरचे फ्लास्क होते, आणि ते सगळे पिवळे पडले होते.

पेशी ज्या पाण्यात वाढतात त्याला मीडियम म्हणतात. ताजं असताना ते लालबुंद असतं. पेशी खातात, आम्ल टाकतात, तसतसं ते केशरी होत जातं, आणि पार पिवळं झालं की समजायचं, आतलं अन्न संपलं आणि बिचाऱ्या स्वतःच्याच खरकट्यात बसल्या आहेत. दर दोनतीन दिवसांनी जुनं काढून ताजं घालायचं असतं. वाउटर गडबडीत विसरलेला दिसत होता. ट्रेनच्या नादात, दुसरं काय. बुधवारी तो परत येईपर्यंत यातली एक पेशी जिवंत राहिली असती तर नवल. फ्लास्कवर त्याची अक्षरं होती आणि एकेक निळा ठिपका. ठिपक्याचा अर्थ संजीवला ठाऊक नव्हता.

वाउटरला फोन करावा असं त्याच्या मनात आलं. त्याने नंबरही काढला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं तर सहा वाजत आलेले, आणि तेही नाताळच्या आदल्या दिवशी. सगळं घर टेबलाशी बसलं असेल, मेणबत्त्या लावल्या असतील, आणि मधेच हा फोन. 'आम्ही जेवतोय.' नको. त्याने फोन खिशात टाकला.

मग त्याने स्वतःच्या मीडियमची बाटली काढली, कोमट पाण्यात ठेवली, हात धुतले, हातमोजे चढवले. एकेका फ्लास्कमधलं पिवळं पाणी शोषून टाकाऊ पाण्याच्या टाकीत सोडलं आणि त्यात लाल, कोमट, ताजं मीडियम घातलं. घाई केली नाही. काचेच्या भिंतीवरून हळूच ओघळू दिलं, पेशींवर धबधबा नको म्हणून. सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर आक्रसलेल्या वाटल्या, पण होत्या.

"जेवा," तो मराठीत म्हणाला. त्या खोलीत मराठी ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

कित्येक दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. कुणाला तरी आपली गरज पडली आणि आपण वेळेवर पोचलो, असं काहीतरी ते होतं. सायकलवरून परतताना वारा नेहमीप्रमाणे समोरूनच होता, पण त्या दिवशी त्याला तो जाणवला नाही.

बुधवारी तो प्रयोगशाळेत पोचला तेव्हा वाउटर पहाटेच्या ट्रेनने येऊन, पेशी गोठवून मोकळा झाला होता. आता एखादी चिठ्ठी लिहून ठेवायला काय झालं होतं, असं कुणीही विचारेल. पण संजीवच्या घरात ती रीत नव्हती. जेवू घातलं हे सांगायचं नसतं. सांगितलं की ते उपकार होतात, आणि खाणावळीच्या बाईने पैसे घेऊन उपकार कशाला करायचे, असा तो हिशेब. तो वाट बघत राहिला की वाउटरच म्हणेल, अरे, माझ्या पेशींना कुणी घातलं? वाउटर म्हणाला, "सिलिंडरबद्दल आभार," आणि कामाला लागला. संजीवने मनात म्हटलं, असू दे.

जानेवारीत वाउटर बदलला. एरवी शांत माणूस, पण आता जिने दोनदोन पायऱ्यांनी चढायला लागला. जेवणाच्या टेबलावर पाव हातात धरून बोलत राही, खायचं विसरे. यंत्रावरून काहीतरी वेगळंच आलंय, गुरुवारच्या बैठकीत सांगतो, आधी नाही. आधी बोललं की प्रयोग बिघडतो अशी त्याची श्रद्धा होती. शास्त्रज्ञांनाही असल्या श्रद्धा असतात, फक्त ते त्यांना श्रद्धा म्हणत नाहीत.

आणि त्याच आठवड्यात वाउटरने डायरी काढली. "पुढच्या शनिवारी जेवायला ये घरी. माझी बायको बटाट्याचं काहीतरी करते. त्याला काही चव नसते, तेव्हा चटणी घेऊन ये." संजीवसमोरच त्याने त्या चौकोनात लिहिलं. संजीव, जेवण.

संजीवने त्या दिवशी रविवारची वाट न बघता आईला फोन केला. ती आधी घाबरलीच, अवेळी फोन का म्हणून. मग कळल्यावर म्हणाली, "अरे, पण तुम्ही तर नेहमीच एकत्र जेवता ना?" संजीव अडखळला. म्हणाला, "हे मोठं जेवण आहे गं." आई म्हणाली, "रिकाम्या हातानं जाऊ नकोस." त्याने संध्याकाळी लसूण सोलायला घेतला.

गुरुवारी बैठक झाली. दोन्ही गट जमले. वाउटरने पडद्यावर पहिलं चित्र लावलं, आणि त्याच्या दुसऱ्याच वाक्याला संजीवला इन्क्युबेटरचा खालचा कप्पा आठवला.

वाउटर सांगत होता, की या वेळी त्याने नेहमीची पद्धत सोडली. खुणेची साखर एकदाच दिली आणि सुट्टीभर पेशी मुद्दाम उपाशी ठेवल्या. साखर संपल्यावर, स्वतःच बाहेर टाकलेलं आम्ल त्या परत खातात का, हे बघायचं होतं. खाल्लं असतं, तर खुणेचा जड कार्बन त्यांच्यात फिरताना दिसला असता. पण बुधवारी बघतो तर काय, पिवळं पडायला हवं होतं ते मीडियम केशरीच, पेशी टवटवीत, आणि आत जिथे जिथे साखर फिरताना दिसायला हवी तिथे खुणेचा कार्बन जवळपास शून्य. म्हणजे त्यांनी टाकलेलं खाल्लं नाही, उपाशी मेल्याही नाहीत. त्यांनी तिसरंच काहीतरी शोधलं. ते काय, हे शोधण्यात आपण नेमणुकीचं उरलेलं सगळं वर्ष घालवणार आहोत.

लोक पुढे सरकून बसले. प्रश्न आले. संजीवला एकही ऐकू आला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर ते पिवळं पाणी होतं, टाकीत जाणारं. खुणेची साखर, आम्ल, अख्खा प्रयोग त्याने स्वतःच्या हाताने त्या टाकीत ओतला होता. आणि पेशींनी शोधलेलं तिसरं काहीतरी म्हणजे त्याच्या बाटलीतली साधी, बिनखुणेची साखर होती. निळ्या ठिपक्याचा अर्थ त्याला आता कळला: यांना काही घालायचं नाही.

शेवटच्या चित्रावर आभार होते. सगळ्यांत खाली लिहिलं होतं, 'संजीव, ज्याने नाताळात राखण केली.' सगळ्यांनी त्याच्याकडे वळून टाळ्यांऐवजी टेबलावर टकटक केली. मग केक कापला गेला. वाउटरने त्याला मोठा तुकडा आणून दिला.

तो तुकडा घेऊन संजीव खिडकीशी उभा राहिला. गप्प बसलं तर काय होईल? काहीच होणार नव्हतं. वाउटर प्रयोग पुन्हा करेल, तसं येणार नाही, मग पुन्हा करेल. वर्षभर करत राहील. शेवटी म्हणतील, पहिल्यांदा काहीतरी चुकलं असेल. प्रयोग रोजच फसतात, कुणी कुणाला पकडत नाही. आणि सांगितलं तर? शनिवार गेला. बाराचं टेबल गेलं. या देशात त्याचं नाव घेणारा एकच माणूस होता, तो गेला. निदान शनिवारी जेवून मग सांगावं, असंही त्याच्या मनात आलं. तिथे मात्र त्याला स्वतःचीच लाज वाटली. ज्याचा प्रयोग आपण बुडवला, त्याच्या घरी पाटावर बसून त्याचंच मीठ खायचं, आणि तोंड पुसून सांगायचं?

केक तसाच ठेवून तो पेशींच्या खोलीत गेला. वाउटर तिथे नवे फ्लास्क मांडत होता.

"वाउटर, तुझ्या पेशींनी काही शोधलेलं नाही," संजीव म्हणाला. "मी घातलं त्यांना."

वाउटर वळला. "काय घातलंस?"

"मीडियम. ताजं. नाताळच्या आदल्या दिवशी."

वाउटरने हातातला फ्लास्क खाली ठेवला. मग त्याने एकामागून एक प्रश्न विचारले, डॉक्टर विचारतो तसे. कुठलं मीडियम? साखर असलेलं? किती? सगळ्या फ्लास्कना? जुनं ठेवलंस का कुठे? संजीव उत्तरं देत गेला. शेवटच्या उत्तराला वाउटरने डोळे मिटले.

"पण का?"

"पिवळ्या पडल्या होत्या. उपाशी होत्या."

"उपाशीच ठेवायच्या होत्या मला. तोच तर प्रयोग होता."

"मला माहीत नव्हतं."

"मग फोन करायचा."

"सहा वाजत आले होते. तुम्ही जेवत असाल."

वाउटर त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, थकवा होता, आणि हे कसलं कारण, असा खराखुरा गोंधळही होता. कुणी आपल्या जेवणाची इतकी कदर करील की त्यापायी आपला प्रयोग बुडवील, हे त्याच्या कल्पनेपलीकडचं होतं.

"सांगितलंस ते बरं केलंस," तो शेवटी म्हणाला, आणि मांडलेले फ्लास्क एकेक करून परत उचलायला लागला. संजीवने मदतीला हात पुढे केला. वाउटर म्हणाला, "नको. मी करतो."

दुसऱ्या दिवशी ईमेल आली. पुढच्या शनिवारी जमणार नाही, प्रयोग पुन्हा सुरू करायचा आहे. पुन्हा कधीतरी. संजीव या देशात आता इतका मुरला होता, की तारीख नसलेलं 'कधीतरी' म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर इन्क्युबेटरच्या खालच्या कप्प्यावर एक कागद चिकटला. 'नीट फूरेन.' तळ्याकाठी लावतात ती डच पाटी, प्राण्यांना खायला घालू नये. खाली कुणीतरी बदकही काढलं होतं. खोलीत सगळे हसले. वाउटरही हसला, संजीवकडे बघून हसला, आणि त्यात वाईट काही नसेलही. त्यांच्याकडे थट्टा केली की मिटलं असंही असेल. संजीवही हसला. पण मिटलं असेल तर बाराला टेबलावर कुणी का येत नाही, हे त्याला कळेना. वाउटर आता यंत्राशेजारीच उभ्याने पाव खात असे. काम दुप्पट झालं होतं, त्याला वेळ नव्हता, हे खरंच होतं. संजीवनेच ते काम दुप्पट केलं होतं.

चटणीची बाटली फ्रिजमध्ये पडून होती. नेऊन त्याच्या टेबलावर ठेवावी असं संजीवला दोनदा वाटलं. पण आता न विचारता कुणाला काही द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं, आणि विचारायची हिंमत त्याच्यात नव्हती.

तो शनिवार तसाच गेला आणि रविवार आला. त्याने कार्ड खरवडलं.

"काय काय केलं होतं रे त्यांनी?" आईने उचलल्या उचलल्या विचारलं. काल रात्रभर ती त्याच जेवणात असावी.

संजीवने तोंड उघडलं. बटाटे, म्हणणार होता. बटाटे, सूप, आणि शेवटी कसलीतरी खीर. सगळा मेनू जिभेवर तयार होता. पण तो बाहेर येईना.

"मी गेलोच नाही, आई. बोलावणं रद्द झालं."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. पिवळं पाणी, सहाचं घड्याळ, केक, बदक. खुणेची साखर म्हणजे काय ते तिला कितपत कळलं कोण जाणे. तिने मधे एकच विचारलं, "मुद्दाम उपाशी ठेवल्या होत्या?"

"हो."

"बघून कळत नव्हतं?"

"नाही गं. उपाशीच दिसत होत्या."

मिरजेत तिच्यामागे पंखा घरघरत होता, कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. तू चुकलास, असं ती म्हणाली नाही. तुझं बरोबर होतं, असंही नाही.

"आज जेवलास?" तिने विचारलं.

"नाही अजून. भात झालाय."

"कुणाबरोबर जेवणार?"

खाली बेकरीत कुणीतरी मोठ्याने हसलं.

"एकटाच," संजीव म्हणाला.

"आणि गेल्या रविवारी?"

"एकटाच."

"त्याच्या आधी?"

त्याने कुकरकडे बघितलं. तिने पुढे विचारलं नाही. खोटं का बोललास, हेसुद्धा नाही.

"वाढून घे," ती म्हणाली.

"आई, कार्डावर फार मिनिटं नाहीत. तू बोल ना काहीतरी."

"बोलायचं काय त्यात? वाढून घे. मी बसलेय."

फोन मानेत धरून त्याने कुकर उघडला. भात घेतला, आमटी घेतली, फ्रिजमधून ती चटणीची बाटली काढून तीही घेतली. खिडकीकडे पाठ करून बसला. मान वाकडी, फोन खांद्यावर, पहिला घास हातात. पलीकडे ती होती. बोलत नव्हती. तिचा श्वास ऐकू येत होता, गुडघा सरळ करताना निघालेला एक "आई गं" ऐकू आला, आणि मग पुन्हा पंखा. मीठ कमी पडलं होतं. तो उठला नाही, तसंच खाल्लं.

अर्धा भात झाला तेव्हा फोनकार्डवाली रेकॉर्ड केलेली बाई मधेच डचमध्ये म्हणाली, शेवटचं मिनिट. त्याने आईला सांगितलं नाही. थोड्या वेळाने लाइन गेली.

फोन तसाच मानेत धरून तो जेवत राहिला. तिकडे तिला वाटलं असेल, हा मुकाट्याने जेवतोय. लाइन गेली हे तिला कळलंही असेल. तरी ती उठणार नाही, हे त्याला माहीत होतं. शेवटचा माणूस उठेपर्यंत ती कधीच उठली नव्हती. बंद फोन कानाला लावून, दुखरा गुडघा धरून ती मिरजेत बसून राहणार होती. म्हणून संजीवने उरलेला भात भराभर संपवला, ताट पुसून घेतलं आणि तो उठला, म्हणजे तिलाही उठता येईल.